इतर असल्यास नमूद करा

प्रश्न अकरावा असा होता:
ग्रंथालयात आपण कोणत्या माहितीसाठी येता?
अ. स्पर्धा परीक्षा. ब. अभ्यासक्रम. क. वर्तमानपत्रे.
ड. करमणूक.
इ. इतर असल्यास नमूद करा.

तायशेटे मॅडमनी पर्याय तपासून दिलेले.
एम.लिब.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही नऊ जण,
त्यातले चार आधीच कुठे ना कुठे कंत्राटावर
पुस्तकांच्या पाठीला नंबर चिकटवणारे.
मी कोपरीच्या अभ्यासिकेत, सकाळी साडेसात ते दीड.
प्रबंधिकेसाठी एकशेवीस फॉर्म,
झेरॉक्स स्टेशनपाशी, पाठपोट.

पोरांनी भरले, मान वर न करता.
एकीने 'इतर'समोर लिहिलं: पंख्याखालची जागा.
एकाने लिहिलं: घरी सहा माणसं.
याला माहिती-गरज म्हणायचं का,
मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह करून ठेवलं.

सत्त्याऐंशीवा फॉर्म पेपरच्या टेबलावरच्या काकांचा.
नाव ऐच्छिक होतं, तरी पूर्ण:
दामोदर पोशा केणी.
आणि 'इतर'च्या दीड इंचात, मग समासात, मग मागे:
मेघदीप रबर, वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
बंद झाली, मालक कुठे गेले त्याचा पत्ता पाहिजे.
फंडाच्या कागदाला सही लागते.
हापिसात सांगतात, अशी कंपनीच नव्हती.

संदर्भसेवेचा आम्हाला अख्खा पेपर आहे.
वाचकाला नेमकं काय हवंय
ते हळूहळू बोलतं करून काढून घ्यायचं.
काकांनी काढून घ्यायला काही ठेवलंच नव्हतं.
संगणकावर शोधलं, तर मेघदीप नावाचं
डोंबिवलीत एक मंगल कार्यालय निघालं.

मग आठवली माळ्यावरची
लघुउद्योगांची निर्देशिका. लाल कापडी बांधणी,
पाठीवर माझ्याच अक्षरात तीनशे अडतीस.
कारखान्यांचे पत्ते, मालकांचे घरचेसुद्धा,
तेव्हा माणसं छापायची घरचे पत्ते.

आणि लगेच पुढचंही आठवलं.
गेल्या मार्चात निर्लेखन झालं.
निकष पाठ आहेत: जीर्ण, कालबाह्य, पाच वर्षांत वापर शून्य.
यादी माझी. दाखलनोंदवहीत लाल शाईचं 'बाद' माझं.
सुतळीची गाठसुद्धा.
किलोला अकरा रुपये, पावती फायलीला आहे.
त्या प्रात्यक्षिकात मला पन्नासपैकी त्रेचाळीस.

दुसऱ्या दिवशी काका आले, पेपर उघडून बसले.
विचारायची घाई नव्हती,
घाई कुठल्या तरी खिडकीसमोर उभी राहून कधीच संपली होती.
मीच गेले. म्हटलं, काका, पुस्तक होतं आमच्याकडे.
'होतं ना?' म्हणाले,
आणि चेहरा असा, की जणू सापडलंच.
'मग कंपनी होती. एवढं लिहून द्याल, बाई?'

पॅड काढलं. दाखल क्रमांक लिहिला, वर्ष लिहिलं.
पुढे हात थांबला.
मेघदीपचं नाव त्यात होतं का?
मी कव्हर पाहिलं होतं, शिक्का पाहिला होता,
वाळवी पाहिली होती.
बाद करताना आत कोण बघतं?

मॅडम म्हणाल्या, पाच टक्क्यांखालचे सगळे 'इतर' एकत्र कर.
काकांना मी वेगळं ठेवलं,
तक्ता क्रमांक चार, शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.
त्यांना सांगितलं नाही.
सांगण्यासारखं ते काही नव्हतं.

रात्री वर्गाच्या ग्रुपवर विचारलं,
कुणाकडे तीनशे अडतीस अजून शिल्लक आहे का,
जुन्या निर्देशिका, ठाणे जिल्हा, कशाही अवस्थेत.
सात जणांनी पाहिलं. एकाने अंगठा दिला.
पावणेबाराला रबाळ्याहून हर्षाली शेलटकर:
आहेत बहुतेक. गठ्ठे बांधून झालेत.
भंगारवाला शनिवारी येणार.
थांबवू?